ओलं जाळं

तळ्यावर मेलेल्या तिलापिया माशांचा पांढरा थर आला होता आणि गोदाक्का काठावर बसून ते टोपलीत भरत होत्या. अनघाच्या हातात तिच्याच मत्स्यरोग प्रयोगशाळेचा अहवाल होता. धरणातल्या माशांमधला विषाणू या तळ्यातही सापडला होता, आणि तळं तर विहिरीच्या पाण्यावर भरायचं. महिन्यापूर्वी नमुने घ्यायला ती धरणावरून थेट इथे आली होती, तेच ओलं हातजाळं घेऊन.

“बाहेरचं जाळं दोन दिवस उन्हात वाळल्याशिवाय तुम्ही पाण्यात घालू देत नाही ना?” तिने विचारलं.

“कुणालाच नाय.”

“मग मला का घालू दिलंत?”

“तुमी रोगाच्याच मॅडम,” गोदाक्का मान वर न करता म्हणाल्या. “तुमाला कसं सांगायचं?”

अनघाने गाडीतून जाळं आणून ते उन्हात वाळत घातलं आणि मासे भरायला बसली.