आधी विचारणारी विमान कंपनी

"सामानाची लांबी?" शशिकांतांनी विचारले.

"एकशे बावीस सेंटिमीटर," केतकी म्हणाली.

"वजन?"

"पेटीसकट साडेआठ किलो."

आलेखाच्या कागदावर शशिकांतांनी तीन उभे रकाने आखून ठेवले होते, एकेका विमान कंपनीसाठी एक. या घरात सासऱ्यांच्या तक्त्याशिवाय कोणाचेही तिकीट निघत नसे. आणि ते व पत्नी विभावरी आयर्लंडमध्ये, स्लायगोत मुलाकडे आल्यावर टाळेबंदीत अडकून पडल्यापासून, म्हणजे गेल्या दीड वर्षात, एकही तिकीट निघाले नव्हते. पेन्सिलीला त्यामुळे विशेष टोक होते.

केतकीला ऑक्टोबरात चार दिवस स्वीडनला जायचे होते. क्लबातल्या बाकीच्या पाच जणी मोटारीने आणि बोटीने आधीच निघणार होत्या. तेवढी रजा तिला नव्हती. दुपारी बारापर्यंत तिने विमान कळवले नाही, तर तिची जागा दुसऱ्या बाईला जाणार होती. सव्वाअकरा वाजून गेले होते.

"वस्तूचं नाव?"

"स्पोर्ट्स इक्विपमेंट."

"हा झाला वर्ग. बरं, बॅटरी असते?"

"नाही."

"द्रव?"

"नाही, बाबा."

"सुटी होते?"

"एक भाग काढून वेगळा ठेवतात. पेटीला दोन कुलपं लागतात." मग केतकीने उरलेलेही एका दमात सांगून टाकले. "आणि सोबत एक छोटं खोकं असतं. ते पाच किलोंच्या आत हवं, आणि वेगळ्या बॅगेत."

शशिकांतांनी सगळे नीट उतरवून घेतले. चष्मा पुसला. लिहिलेले वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचले.

"केतकी, ही बंदूक आहे."

"रायफल, बाबा."

"कुठे असते?"

"गावातल्या डीलरच्या तिजोरीत. परवाना माझ्या नावाचा आहे."

"तिजोरीत केव्हापासून?"

"तुम्ही आलात त्याच्या आदल्या दिवसापासून."

"म्हणजे शनिवारी तू डोंगरावर फिरायला जातेस ते..."

"फिरणंही होतंच."

शशिकांतांचे खांदे हलले. ते हसत आहेत हे केतकीच्या जरा उशिरा लक्षात आले.

"इंद्रनीलला ठाऊक आहे?"

"त्यानंच सांगितलं, आईबाबांसमोर विषय काढू नकोस म्हणून. ज्या घरात अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात उकडतं, तिथं हे कसं सांगायचं, म्हणाला."

"चिरंजीवांचं राहू दे. इकडे बघ." पेन्सिल पहिल्या रकान्यावर टेकली. "ही कंपनी शस्त्र नेतच नाही. बाद. दुसरी नेते, वेळही सोयीची आहे. पण काय आहे ते काउंटरवर गेल्यावर सांगायचं. तिसरी तिकीट काढतानाच अर्ज भरून मागते. रायफलीचा क्रमांक, काडतुसांचं वजन, सगळं."

"दुसरी बरी वाटते. आधीपासून उगाच चर्चा नको."

"चाळीस वर्षं मी कारखान्यात आलेला माल तपासून घेतला. गाडी दारात आल्यावर माल काय आहे ते कळलं, की माणसं बिथरतात. मालात खोट नसली तरीही." त्यांनी तिसऱ्या रकान्याभोवती चौकट काढली. "जी आधी विचारते, ती घ्यायची."

केतकी त्या चौकटीकडे पाहत राहिली. खिडकीबाहेर विभावरी दोरीवरचे कपडे भराभर काढत होत्या. डोंगरापलीकडून पाऊस निघाला होता.

"आईंना तुम्ही सांगाल?"

"माल तुझा आहे."

विभावरी टोपली घेऊन आत आल्या, तशी केतकी उठून उभी राहिली.

"आई, मी स्वीडनला शिकारीला चाललेय. रायफल घेऊन. तिथं मूस नावाचं हरीण असतं, रेड्याएवढं."

विभावरींनी टोपली खुर्चीवर ठेवली. उशीच्या एका अभ्र्याची घडी घातली. मग दुसऱ्याची.

"काडतुसं किती नेतेस?"

"वीस."

"एका जनावराला वीस?"

"आधी टार्गेटवर नेम तपासतात, आई. तीन गोळ्या मारायच्या. त्या जवळजवळ बसल्या तरच रानात जाऊ देतात."

"नाही बसल्या तर?"

"तर मागे राहून सगळ्यांचा स्वयंपाक करायचा."

"मग त्या तीन नीट मार," विभावरी म्हणाल्या. "तुझ्या हातचं आम्ही घरचे म्हणून खातो. परक्यांचे हाल कशाला?"

शशिकांत कागदात तोंड घालून हसले. केतकीही हसली, विभावरी मात्र हसल्या नव्हत्या.

"आणि रानात एकच गोळी. जनावर तडफडत ठेवायचं नाही."

"नाही ठेवणार, आई."

"खात्री नसेल तर हात आवरायचा आणि परत यायचं."

"हो."

शशिकांतांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि तिसऱ्या कंपनीचा अर्ज उघडला. केतकी एकेक माहिती सांगत गेली. ते दोन बोटांनी टंकत गेले आणि प्रत्येक ओळ दोनदा वाचून पुढे सरकले.

"अडचण आल्यास कोणाशी संपर्क साधावा, असं विचारलंय," ते म्हणाले. "इंद्रनीलचं नाव लिहितो."

"त्याला नको," विभावरी म्हणाल्या. "बंदुकीसाठी विमानतळावरून फोन आला तर तो आधी आडवा होईल. माझं नाव घाला."

त्यांनी टोपलीतला पलंगपोस उचलला, त्याची दोन टोके केतकीच्या हातात दिली, आणि घडी घालता घालता आपला नंबर एकेक आकडा सुटा करून सांगू लागल्या.