माहेरचे घोडे

"एवढा चांगला रथ दिला तुला, आणि त्यात कोंबड्या अंडी घालतायत!" शेवटच्या भेटीत बाबा हसत म्हणाले.

"घालू देत. मला आता कुठं जायचंय?" मीही हसले.

चीनमधल्या आमच्या लू राज्यात नवरी माहेरच्या रथातून सासरी येते. तीन महिन्यांनी रथ ठेवून घेतात आणि घोडे परत पाठवतात. पोरगी रमली, आता माघारी यायची नाही, असा त्याचा अर्थ. माझेही घोडे परत गेले, त्याला अकरा वर्षं झाली. मी त्या घरात एक दिवसही रमले नव्हते, पण ते कुणालाच सांगितलं नाही.

भेटीनंतर आठवड्याभरातच बाबा गेले. मी माहेरी पोचले, तर दाराशी बाबांच्या रथाला तेच घोडे जुंपलेले, आता म्हातारे झालेले.

"यांना सोडा की, यानकाका."

मोतद्दार यानकाका म्हणाले, "सकाळी जुंपायचे आणि दिवेलागणीला सोडायचे, अशी मालकांची रोजची ताकीद होती, ताईसाहेब. म्हणायचे, पोरीचा निरोप आला तर जुंपण्यात वेळ जायला नको."



मी घोड्याच्या मानेवर कपाळ टेकलं आणि मोठ्यानं म्हणाले, "बाबा, मला न्यायला या."