खालचा थर

गेमने विचारलं, तुमची जागा निवडा. सुचित्राने बोटाने यादी खाली सरकवली. सगळ्यात वर हंडी फोडणारा एक्का, मग चौथा थर, तिसरा, दुसरा. त्याखाली फिक्या अक्षरांत लिहिलं होतं : खालचा थर ऑटोमॅटिक.

तिने त्यावर बोट दाबून पाहिलं. काही झालं नाही.

"नम्रता, बेस कुठे आहे यात?"

"बेस गेमच लावतो," ग्रुप कॉलवर नम्रता म्हणाली. "तू तिसरा घे."

नम्रता बदलापूरला राहायला गेली होती, माया विरारला, दीपिका पनवेलला. लालबागच्या महिला गोविंदा पथकात या तिघी आणि सुचित्रा खालच्या थरात उभ्या राहायच्या आणि हुकूम नम्रता द्यायची. आता चाळीत सुचित्रा एकटीच उरली होती. सरावाला यायला कुणाला जमत नव्हतं. म्हणून नम्रतानेच हा नवा निघालेला दहीहंडीचा ऑनलाइन गेम शोधून काढला होता. जमला तर यंदा मंडळाच्या मोठ्या पडद्यावर तोच खेळायचा आणि पथक बंद करायचं. मंडळाच्या अभयला संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

सुचित्रा हो म्हणाली होती. तिलाही एक आशा होती. खालच्या थरातल्या बाईला हंडी फुटताना कधी दिसत नाही. मान खाली, डोळे समोरचीच्या पावलांवर. गेममध्ये तरी दिसेल, असं तिला वाटलं होतं.

गॅलरीत लसूण सोलत बसलेल्या जाईबाईंनी सुनेकडे पाहिलं. "काय गो, मोबायलात चढतंस? पडलंस तर बोट मोडात."

"बघा तरी, आई."

ढोल वाजले. पडद्यावरच्या बाहुल्या एकमेकींच्या खांद्यांवर चढू लागल्या. थर डगमगला की पिवळं बटण दाबायचं, एवढंच काम होतं. चौथा थर उभा राहू लागला तशी नम्रता सवयीने ओरडली, "माना खाली."

चार गावांत चार माना खाली गेल्या. सुचित्राला गॅलरीची फरशी दिसली आणि स्वतःची पावलं. तिने पावलं जराशी फाकवली, दात आवळले. बटण कुणीच दाबलं नाही. वर बघेपर्यंत थर कोसळला होता.

"अगं, तू ओरडलीस कशाला?" दीपिका म्हणाली.

"तोंडातून गेलं."

"आणि आपण पण शहाण्या." माया इतकी हसली की तिला ठसका लागला.

दुसऱ्यांदा कुणी ओरडलं नाही. चौघींनी डोळे फोनवर ठेवले आणि बटण वेळच्या वेळी दाबलं. एक्क्याने हात वर केला. हंडी फुटली. सुचित्राला ती नीट, जवळून दिसली. रंगीत कागद उडाले, थर एकदम नाहीसे झाले आणि गुण आले.

"उतरल्या कुठे?" सुचित्राने विचारलं.

"कोण?"

"वरच्या. एकीलाही उतरवलं नाही आपण."

"गेम आहे, सुची. संपला."

मग माया म्हणाली, "मी खांदा घट्ट धरून बसलेय गं. बघते तर माझाच."

या वेळी कुणी हसलं नाही.

"अभयला काय कळवू?" नम्रताने विचारलं. "त्याला तर आवडेल हे. पडद्यावर छान दिसेल."

"आम्ही उभ्या राहतोय म्हणून कळव," सुचित्रा म्हणाली.

"कुणाच्या जिवावर? बेसला माणसं कुठेत? मला रविवारची सुट्टी, मायाला तीही नाही."

"तू रविवारी ये. माया जमेल तेव्हा येईल. दीपिका?"

"येईन मी," दीपिका म्हणाली. "घरी काय सांगायचं ते बघते."

"सुची, चाळिशी उलटली आपली," नम्रता म्हणाली.

"मग काय झालं? आपल्याला उभंच राहायचंय. उडायचं कुठे आहे?"

नम्रताने मोठा श्वास सोडला. "खालच्या थरातली बाई तू, हलायची नाहीस. बरं, कळवते. पण बाकीच्या तू शोधायच्या."

"शोधते."

सुचित्राने फोन चार्जिंगला लावला आणि चपला पायात सरकवल्या.

"आता खंय चललंस?" जाईबाईंनी विचारलं.

"खांदे बघायला."

गॅलरीच्या टोकाला कांताची खोली होती. ती हिंदमाताजवळच्या दुकानात साड्यांचे गठ्ठे चढवायची, उतरवायची. हंडीच्या दिवशी ती दर वर्षी वरून टाळ्या वाजवायची, खाली कधी आली नव्हती. आता नुकतीच कामावरून येऊन तिने चहा ठेवला होता.

"कांता, खांदे कसे आहेत तुझे?"

"दुखतात. का?"

"पथकात ये. बेसला."

कांताने तिच्याकडे नीट पाहिलं. थट्टा नाही असं दिसल्यावर म्हणाली, "आणि माझ्यावर चढणार कोण?"

"वरच्या मिळतात गं. खालच्या शोधतेय."

कांताने गॅस बंद केला. ओढणी कमरेला बांधली, भिंतीला दोन्ही हात टेकवले आणि पाठमोरी उभी राहिली. सुचित्राने तिच्या खांद्यांवर तळवे ठेवून भार टाकला. आधी थोडा, मग आणखी, मग टाचा उचलून होता नव्हता तेवढा. कांताची पावलं जागची हलली नाहीत.

"एवढंच?" भिंतीकडे तोंड करूनच कांता म्हणाली. "टाक की अजून."