संपातली पंगत

रजनीकाकूंच्या ओट्यावर पोरं मांडी घालून बसली होती. खिचडी वाढायची तेवढी बाकी होती, आणि सुपरवायझर मॅडम पोरांच्या मागच्या भिंतीवर अंगणवाडीचा बॅनर टांगत होत्या.

"हे काय?" काकूंनी डाव तसाच हातात धरून विचारलं.

"बस एक फोटो, आंटीजी. रिपोर्ट में डालना है. हडताल में भी केंद्र चालू है."

"कैसा केंद्र? ये मेरे घर का ओटला है! सुमन हडताल पे बैठी है, बच्चे भूखे न रहें इसलिए मैं खिला रही हूँ."

"वही तो! आपने खिला दिया, तो उसकी जरूरत कहाँ रही? ऊपर इतना ही दिखाना है." मॅडमचा आवाज जरा उतरला. "मेरी भी नौकरी है, आंटीजी."

भैरवगढच्या या गल्लीतली अंगणवाडी सुमन चालवायची. मानधन नको, पगार द्या, असं म्हणत ती आणि तिच्यासारख्या कितीतरी जणी देवास गेटपाशी तंबू ठोकून बसल्या होत्या. त्यांना तेवढाच हातभार म्हणून काकूंनी गॅसवर मोठं पातेलं चढवलं, आणि झालं भलतंच! चांगुलपणा असा अंगाशी आला. त्यांचीच खिचडी संप मोडायला निघाली होती.

"तरी मी म्हणत होतो," सुधाकरराव दारातून पत्नीला म्हणाले, "नसत्या भानगडीत पडू नकोस."

"पडलेय ना आता? मग त्या बाजूनं धरा." काकूंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "चलो रे, उठो सब! सुमन दीदी के पास जाएंगे."

गल्लीतल्या कापडछपाईच्या टेबलांवरून पोरांच्या आया धावत आल्या, रंगानं निळे झालेले हात तसेच घेऊन. काय झालं ते कळल्यावर एकीनंही नाही म्हटलं नाही. पोरं, आया, ताटल्या, पातेलं, सगळं ई-रिक्षांमध्ये कोंबलं गेलं. मॅडम रिकाम्या ओट्यावर उभ्या राहिल्या.

तंबूत जोरात घोषणा चालल्या होत्या. पोरांना पाहून सुमन पळतच बाहेर आली.

"काकू, या उन्हात कशाला आणलंत यांना?"

"माझ्या ओट्यावर जेवली तर तुझ्या पोटावर पाय येतो गं. आता जेवतील तर इथंच, सगळ्यांदेखत."

सुमनचे डोळे भरून आले. पोरं ओळीनं बसली, तसा तिचा हात सवयीनं डावाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"मी नाही वाढू शकत, काकू. संपावर आहे."

"मग पंगतीत बस."

"मी?"

"बस म्हणते ना!"

सुमन पोरांच्या मध्ये जाऊन बसली. काकूंनी तिच्यापुढे ताटली ठेवली, खिचडी वाढली, वर तूप घातलं. घोषणा थांबल्या होत्या. तिला असं बसवून वाढायची कुणाची रीतच नव्हती. मग तिनं घास घ्यायला हात पुढे केला, तर शेजारच्या चिमुरडीनं तिचं मनगट धरलं.

"दीदी," ती दटावून म्हणाली, "पहले हाथ धोते हैं."