दहा पावलांच्या आत

डोळे अधू झाल्यापासून निवृत्त पोस्टमन वर्षभर घराबाहेर पडले नव्हते. तीस वर्षं दारोदार पत्रं वाटणारा माणूस, पण आता दिवसभर खिडकीशी बसून असायचा. त्यांच्या सुनेला एक नाद होता. खेळ म्हणून अनोळखी लोकांनी लपवलेल्या डब्या ती मोबाईलच्या नकाशावरून शोधायची. "बाबा, आज तुम्ही शोधायची," म्हणत तिनं फोन त्यांच्या खिशात सरकवला. डबीच्या जवळ जाल तसा तो भरभर वाजणार होता. बागेत ते काठी टेकत निघाले, सून मागोमाग. वाट चुकली की फोन मंदावायचा, मग ते थबकून वळायचे. कारंज्यापाशी फोनची नुसती टकळी सुरू झाली. "आता पुढं?" "फोन इथपर्यंतच आणतो. दहा पावलांच्या आत आहे कुठंतरी," म्हणत सून बाजूला उभी राहिली. त्यांनी कठडा चाचपला, बाकाखाली हात घातला, गुडघे टेकून झाडाची मुळं धुंडाळली. बोट खरचटलं. "आजोबा, काय हरवलंय?" म्हणत एक बाई धावली, तिला सुनेनं खुणेनंच थांबवलं. अर्ध्या तासानं दिव्याच्या खांबामागे, लोहचुंबकानं चिकटलेली, काड्यापेटीएवढी डबी त्यांच्या हाताला लागली. त्यांनी ती मुठीत घट्ट धरली. "तुला केव्हाच दिसली होती ना?" "आल्या आल्या." ते म्हणाले, "वर्षभर सगळ्यांनी मला सगळं हातात आणून दिलं. तू दिलं नाहीस. फार उपकार झाले, पोरी."