बिनसांगाव्याची फेरी

उकंडा टेकडीच्या उतारावर दिसला आणि वस्तीतल्या बायांनी हातातली कामं टाकली. एकीनं तर तिथंच कपाळावर हात मारून घेतला. एक म्हातारा लगबगीनं आडवा आला.

"कोन गेलं, उकंडा?"

"कोनीच नाई गेलं जी. मी असाच चाललो पलीकडच्या तांड्यावर."

"असाच?" म्हाताऱ्याला ते काही पटलं नाही. "असाच कधी आला तू? सांगून टाक बाप्पा, जीव नको टांगू."

उकंडानं शपथ घेतली तेव्हा कुठं वाट मोकळी झाली. बस म्हणालं नाही कुणी. त्याची पाठ वळताच कुजबुज सुरू झाली, ती त्याला ऐकू आलीच.

त्यांचा तरी काय दोष? फुलसावंगीच्या पुढं, पैनगंगेकडं उतरणाऱ्या त्या डोंगरात सडक नव्हती. साग, पळस, नाले, मधूनच दहा-वीस घरांची वस्ती, की पुन्हा साग. गावात माणूस मेलं की दूरच्या सोयऱ्यांना कळवायचं काम उकंडाच्या घराकडं. काठी घेऊन निघायचं, अंगणाबाहेर उभं राहून मेलेल्याचं नाव सांगायचं, रडणं उठलं की वळायचं. त्या घरी बसायचं नाही, पाणीही मागायचं नाही. अर्धा जन्म त्यानं हेच केलं. सारा मुलूख त्याच्या पायाखालचा, आणि त्या साऱ्या मुलखात त्याला बघून हसलेलं तोंड एकही नाही!

छप्पन्न साली तो नागपूरहून दीक्षा घेऊन आला. आल्या दिवशीच त्यानं काठी चुलीत घातली आणि बायकोनं, रुखमाबाईनं, त्या जाळावर भाकरी भाजल्या. गाव चिडलं, धुसफुसलं, मग गप्प बसलं. उकंडाला त्याचा पस्तावा कधी झाला नाही, आजही नव्हता. पण यंदाच्या उन्हाळ्यात रुखमाबाई गेली आणि तो पार खचला. लेकरू नव्हतं. गावात बौद्धांचं घर त्याचं एकटंच. सोयरे आले, राहिले, आपापल्या गावी गेले. मग दिवसच्या दिवस त्याच्या तोंडून शब्द निघेना, कारण बोलायचं कुणाशी? कुणाच्या तरी घरी जाऊन घटकाभर बसावं असं त्याला फार वाटायचं. पायांना शंभर दारं ठाऊक होती, आणि एकाही दारात तो कधी बसला नव्हता.

अशात त्याला रुपीबाई आठवली. ती त्याच्या गावाला लागून असलेल्या तांड्यातली लेक, लग्न होऊन डोंगरापलीकडं गेलेली. लहानपणी दोघांनी एकाच नाल्याकाठी गुरं राखली होती, अर्थात त्या काळच्या रीतीप्रमाणं अंतर राखून. पुढं तिच्या बापाचा सांगावा त्यानंच नेला. मग आईचा. शेवटी तिच्या एकुलत्या भावाचा, लालसिंगचा. लालसिंगच्या मागं कुणी नव्हतं. घर पडलं, अंगणातलं सीताफळाचं झाड तेवढं उभं राहिलं. त्या झाडाची चार फळं उकंडानं धोतराच्या सोग्यात बांधली आणि तो पहाटे निघाला. रिकाम्या हातानं गेलं तर कशाला आलो म्हणून सांगायचं?

तांडा आला तेव्हा ऊन चढलं होतं. माणसं कापूस वेचायला गेलेली. रुपीबाई एकटीच दारात बसून गोधडीला टाके घालत होती. तिनं मान वर केली, डोळ्यांवर हात धरून त्याला निरखलं, आणि पदर तोंडावर ओढून मोठ्यानं गळा काढला.

"वीरा! म्हारो वीरा!"

वीरा म्हणजे भाऊ, एवढी बंजाऱ्यांची गोरबोली उकंडाला येत होती. तो अंगणाबाहेरच थबकला. लालसिंगला जाऊन वर्षं लोटली, आणि आपलं तोंड बघून बाईची ती जखम पुन्हा उघडी पडली. तो दुरूनच ओरडला, "रडू नको वो रुपीबाई! कोनी नाई मेलं! मी सांगावा नाई आनला!"

तिनं ऐकलं, पण रडणं थांबेना. उलट त्याला सूर लागला. त्यात तिच्या मायबापाचं नाव आलं, नाल्याचं आलं, लहानपणच्या गुरांचंही आलं.

उकंडाला स्वतःचाच संताप आला. मेल्या, तुला बसायला एक जागा हवी होती, म्हणून म्हातारीच्या जिवाला घोर लावलास! आपलं तोंडच अभद्र, काठी जाळून ते थोडंच बदलणार होतं. त्यानं सोगा सोडला, सीताफळं अंगणाच्या कडेला ठेवली आणि तो नेहमीसारखा वळला.

मागून घाईघाईनं पावलं आली. रुपीबाईनं त्याचा दंड घट्ट धरला. आजवर त्या तांड्यात त्याला कुणी शिवलं नव्हतं.

"कुठी चालला?"

"जातो बाई. तुले तरास झाला माह्यापायी. लालसिंगची याद आली तुले."

"लालसिंगसाठी मी तवाच रडली." तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "हे तुयासाठी हाय. आमच्यात माहेरचं मानूस आलं का बाईले असंच रडा लागते, गळ्यात पडून, पोटभर. माय गेली, बाप गेला, भाऊ गेला, सारं तूच सांगत आला. आता माह्या माहेरचा तूच एक उरला. बस खाली, मले पुरं रडू दे."