बापाचं खोकं

चक्रीवादळानं वानुआतूच्या एफाते बेटाची वीज नेली आणि लेपाकोआची विजेवरची बास गिटार मुकी झाली. रविवारी बापाच्या आठवणीच्या जेवणाला तिनं रचलेलं गाणं वाजणार होतं, पण बँड काकाचा. “आज गाणं जमव, नाहीतर गिटार बँडमधल्या कालोला देतो,” त्यानं बजावलं. अंगणात बापाचं चहाचं खोकं होतं. त्याला दांडी लावून, एकच तार ताणून बापानं जन्मभर बास वाजवला. तिनं गिटार खोक्याला टेकवली. तार छेडताच खोकं घुमलं. मायनरचे उदास सूर एकेक छेडताना बोट सवयीनं गिटारच्या दांडीवर एक घर पुढं पडायचं आणि सूर हसरा व्हायचा. बेटावरची सगळी गाणी हसरी. “बाप गेलाय ना गं? मग वरात कुणाची?” काकानं टोमणा मारला. तिनं हट्टानं बोट मागं आणलं. पुन्हा. पुन्हा. शेवटी खोकं रडलं. काका खोक्याला कान लावून बसला. मग म्हणाला, “रविवारी वीज आली तरी खोकं आण.”